जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि लेझरचा प्रकाशोपचार – कुणी घेतलाय का?

निळाई

नमस्कार. गेले आठ महिने माझा उजवा जबडा दुखतोय. सुरुवात एका जांभईने झाली. कानाच्या पुढे ‘कट्’ असा आवाज आला आणि क्षणभर वाटलं, कानातच काहीतरी तुटलं. तो आवाज आता रोजचाच झालाय, त्याचं फारसं काही वाटत नाही. पण दुखणं काही जाईना. सकाळी उठल्यावर गाल दगडासारखा, मोठा घास घेता येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत कानशील ठणकायला लागतं. मी शिकवते, त्यामुळे दिवसभर बोलणं आलंच. दुपारनंतरचे तास नको नको होतात.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ निघाला. मग एका दाढेवर संशय आला, तिचा फोटो काढला, ती ठणठणीत. तिसऱ्या ठिकाणी दुखण्याला नाव मिळालं: टीएमडी, म्हणजे जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू यांचा विकार. रात्री घालायला प्लेट दिली. तिने सकाळचा ताठरपणा थोडा उतरला, बाकी जैसे थे.

आता त्या डॉक्टरांनी ‘लो-लेव्हल लेझर’ सुचवलंय. आठवड्यातून दोनदा, एकूण दहा बैठका. कानापुढे आणि गालावर काही मिनिटं प्रकाश देणार. भाजत नाही, टोचत नाही म्हणाले. मी विचार करून सांगते म्हणून घरी आले.

नुसत्या प्रकाशाने सांध्याचं दुखणं कसं कमी होईल, हे मला कळत नाहीये. डोळा इतका जवळ असताना लेझर वापरणं सुरक्षित आहे का? आणि ज्यांनी घेतलाय त्यांना फरक पडला का, पडला असेल तर तो टिकला का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माझी खरंच दमछाक झाली आहे.

---

सायंतारा

वाचतेय. मला दोन वर्षांपासून डाव्या बाजूला हेच आहे. आधी सगळ्यांनी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं, म्हणून धाग्याचं नाव बघूनच बरं वाटलं.

---

मणिबंध

निळाई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जबड्याचे रुग्ण नेहमी बघतो. लेझरचं उत्तर देण्याआधी थोडं मागे जातो, कारण टीएमडी हे एका आजाराचं नाव नाही, ती एक टोपली आहे. टोपलीतलं तुमचं नेमकं काय, हे कळल्याशिवाय कुठल्याच उपचाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवा आणि तोंड हळू उघडा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं डोकं. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि त्याच हालचालीत पुढेही घसरतो. शरीरात असे सांधे फार थोडे. मध्ये एक चकती असते, गादीसारखी. ती जागेवरून थोडी पुढे सरकली असेल तर तोंड उघडताना जबड्याचं डोकं तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ होतं. तुमचा आवाज बहुधा तोच. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर त्यावर काहीही करायची गरज नसते. असे आवाज येणारी माणसं भरपूर असतात आणि त्यांना आयुष्यभर त्रास होत नाही.

दुखणं मात्र बऱ्याचदा स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दात आवळा, जो टणक होतो तो मॅसेटर. कानशिलावर जो हलतो तो टेम्पोरॅलिस. सकाळी गाल दगडासारखा आणि संध्याकाळी कानशील ठणकतं, हे वर्णन वाचून मला आधी हे दोघेच आठवले. तरी तपासल्याशिवाय सांगणं योग्य नाही. २०१४ साली या विकारांसाठी निदानाचे निकष नव्याने ठरवून प्रसिद्ध झाले. त्यात एक साधी गोष्ट फार मोलाची आहे: डॉक्टरांनी दाबल्यावर दुखतं ते ‘तुमचंच ओळखीचं’ दुखणं आहे का, हे विचारायचं. स्नायूवर दाबल्यावर तुम्ही ‘हो, हेच’ म्हणालात की सांध्यावर दाबल्यावर, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमच्या डॉक्टरांनी असं दाबून बघितलं होतं का?

आणि तोंड किती उघडतं? आरशासमोर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजा. साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक.

---

निळाई

मणिबंध, आत्ताच मोजलं. न दुखता ३४, ओढून उघडलं तर ३७. तीन बोटं उभी बसत नाहीत, अडीच बसतात म्हणा. डॉक्टरांनी गाल दाबला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते. सांध्यावर दाबलं तेव्हा दुखलं, पण तितकं नाही.

---

दूरदर्शी

प्रकाशाचा भाग मी लिहितो. मी डॉक्टर नाही, पण लेझरवर काम केलंय आणि या विषयाचं वाचन आवडीने करतो.

हा उपचार अपघाताने सापडला. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी बनवला. त्यानंतर काही वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर लेझरचा प्रयोग करत होते. उंदरांच्या पाठीचे केस काढून, गाठीवर लाल प्रकाश मारून ती विरघळते का ते त्यांना बघायचं होतं. त्यांचा लेझर फारच अशक्त होता, गाठीला काही झालं नाही. पण प्रकाश दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. हे १९६७ च्या सुमाराचं. मग मेस्टर यांनी तोच मंद प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला, आणि तिथून ही शाखा सुरू झाली. आज तिला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. आपण प्रकाशोपचारच म्हणू.

शस्त्रक्रियेतला लेझर ऊती तापवतो, कापतो. इथे तापवणं हा हेतूच नाही. प्रकाश लाल किंवा त्याच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त असतो. जबड्यासाठी बहुतेक अवरक्तच वापरतात, कारण तो लालपेक्षा खोल जातो. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते हा प्रकाश शोषतं. त्यातून पेशीचं ऊर्जेचं काम वाढतं, नायट्रिक ऑक्साइड सुटून रक्तवाहिन्या सैलावतात, सूज आणणारी रसायनं कमी होतात, अशी आजची मांडणी आहे. तिचा बराच भाग पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलाय. माणसाच्या जबड्यात नेमकं किती आणि काय घडतं, ही वेगळी गोष्ट.

आता मात्रा. औषधात गोळी किती मिलिग्रॅमची हे आपण विचारतो, इथे मात्र कुणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. हिशोब सोपा आहे. वॅट गुणिले सेकंद बरोबर ज्यूल. १०० मिलिवॅटचा प्रोब, म्हणजे प्रकाश देणारी दांडी, एका बिंदूवर ६० सेकंद धरला तर ६ ज्यूल ऊर्जा गेली. तेवढाच वेळ १० मिलिवॅटचा धरला तर ०.६ ज्यूल, म्हणजे दहावा भाग. दोन्हीला लोक ‘लेझर घेतला’ असंच म्हणणार. त्यात भर म्हणजे जास्त दिलं की जास्त फायदा, असंही नाही. कमी मात्रेत परिणाम नाही, मधल्या मात्रेत होतो, फार वाढवली की उलट मंदावतो. म्हणून एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा दोघांना एकच उपचार मिळाला होता का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

डोळ्यांबद्दल तुमची काळजी अगदी रास्त आहे. दिसणारा प्रखर प्रकाश आला की पापणी आपोआप मिटते. अवरक्त दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळ्यातल्या भिंगातून तो थेट दृष्टिपटलावर एकवटतो. म्हणून त्या यंत्राच्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा रुग्णालाही हवा आणि देणाऱ्यालाही. साधा काळा चष्मा चालत नाही. चष्मा दिला नाही तर खुर्चीत बसू नका. यात भीड ठेवू नका.

---

पारवा

मी घेतलाय आणि मला फायदा झाला, म्हणून लिहितेच.

माझं दुखणं सांध्याचं होतं. डाव्या बाजूची चकती सरकलेली, दोनदा तोंड अर्ध्यात अडकलं होतं. दुसऱ्यांदा अडकलं तेव्हा वीस मिनिटं तशीच बसून राहिले, बोलता येईना, लाळ गिळता येईना. ती भीती अजून गेलेली नाही. आठ बैठका घेतल्या. डोळ्यावर चष्मा, कानापुढे पेनासारखा प्रोब टेकवायचा, यंत्र ‘टीं’ करायचं, मग अर्धा सेंटिमीटर बाजूला. काहीही जाणवत नाही, किंचित ऊब सोडली तर. पहिल्या तीन वेळी मला वाटलं, फुकट चाललंय. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर रात्री त्या कुशीवर झोपता यायला लागलं. मला तेवढंही पुष्कळ होतं.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. मध्ये एकदा दुखणं परत आलं होतं, तेव्हा तीन बैठका घेतल्या. आज मी बरी आहे.

---

सांजवात

माझा अनुभव उलटा आहे. बारा बैठका पूर्ण केल्या. त्या दिवशी संध्याकाळी बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. बारावी झाल्यावर विचारलं, आता पुढे काय? उत्तर मिळालं, अजून बारा. मी थांबले. एकदाही कुणी व्यायाम शिकवला नाही, जबडा कसा ठेवायचा हे सांगितलं नाही. ना तरंगलांबी माहीत, ना मात्रा. दूरदर्शींचं वाचून आत्ता कळतंय की मी काय घेतलं हेच मला ठाऊक नाही.

---

आरोह

मी दंतवैद्य आहे. पुराव्याबद्दल लिहितो. थोडं निराश करणारं वाटेल, पण निळाई यांनी निर्णय घेण्याआधी ते समोर असायला हवं.

जबड्यासाठी प्रकाशोपचाराच्या चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत, पण बहुतेक लहान. थोडे रुग्ण, काही आठवड्यांचा पाठपुरावा, आणि प्रत्येकाची तरंगलांबी, मात्रा, बिंदू वेगळे. त्या एकत्र करून पाहिल्या की काही आढाव्यांत वेदना कमी झालेली दिसते, काहींत खोट्या लेझरइतकीच, तर काहींत वेदनेपेक्षा तोंड उघडण्यात फरक दिसतो. खोटा लेझर म्हणजे प्रोब टेकवायचा, यंत्राचा आवाज होऊ द्यायचा, प्रकाश मात्र बंद. अवरक्त दिसत नसल्याने रुग्णाला कळत नाही. अशा चाचण्यांत पुष्कळदा खोटा लेझर घेतलेल्यांनाही बरं वाटतं.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने टीएमडीच्या जुनाट वेदनेवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जुनाट म्हणजे तीन महिने किंवा अधिक, म्हणजे निळाई त्यात बसतात. त्यात ठामपणे सुचवलेले उपचार बघा: देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण, हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर हाताने उपचार, मान-पाठीच्या ठेवणीचे व्यायाम, वेदनेशी वागण्याचं मानसोपचारातलं प्रशिक्षण, आणि रुग्णाला नीट समजावून घरी करायचे व्यायाम देणं. लो-लेव्हल लेझर मात्र ‘शक्यतो नको’ या गटात आहे. त्याच गटात आम्ही सर्रास देतो त्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटाही आहेत, हे मी माझ्या व्यवसायाच्या वतीने प्रामाणिकपणे सांगतो. ‘शक्यतो नको’ याचा अर्थ घातक असा नाही. फायद्याची खात्री कमी आहे आणि आधी करण्यासारखं दुसरं आहे, असा आहे.

‘मुळीच नको’ हा गट वेगळा. दात किंवा चावा कायमचा बदलणाऱ्या प्लेटा आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्यात येते. या सांध्याच्या उपचारांचा इतिहास वाचला की अंगावर काटा येतो. चकतीच्या जागी बसवलेली टेफ्लॉनची रोपणं झिजून हाड पोखरायला लागली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत ती बाजारातून मागे घ्यावी लागली. तोवर कितीतरी रुग्णांचे सांधे कायमचे बिघडले होते. म्हणून या दुखण्यात माझा पहिला निकष हाच असतो: जे परत फिरवता येतं ते आधी. त्या निकषावर प्रकाशोपचार पास होतो. नीट दिला तर तो काही बिघडवत नाही.

---

पारवा

आरोह, तुमचं म्हणणं समजलं, पण वाचून मनाला लागलं. मला बरं वाटलं ते खोटं होतं का?

---

आरोह

अजिबात नाही, आणि तसं वाटलं असेल तर मी नीट लिहिलं नाही. तुमची झोप परत आली ही खरीच गोष्ट आहे. फक्त ती कशामुळे परत आली, हे एका माणसाच्या अनुभवातून सांगता येत नाही. हे दुखणं मुळात चढत-उतरत जातं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं शिखरावर असताना, आणि शिखरावरून ते बऱ्याचदा आपसूक उतरतं. शिवाय आठवड्यातून दोनदा कुणीतरी शांतपणे तुमच्या जबड्याकडे लक्ष देतं, तुम्ही पंधरा मिनिटं दात न आवळता बसता, भीती कमी होते. याचाही परिणाम खरा असतो. त्यात प्रकाशाचा वाटा किती, एवढंच चाचण्यांना शोधायचं असतं.

एक गोष्ट प्रकाशोपचाराच्या बाजूने सांगायलाच हवी. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही इतके फोड येतात. ते टाळण्यासाठी हाच मंद प्रकाश वापरायला इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१८ साली मान्यता दिली, आणि २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तो आहे. तिथे मात्रा ठरलेल्या आहेत. म्हणजे प्रकाशाने काही होतच नाही, असं कुणीही म्हणत नाही. जबड्याच्या बाबतीत तेवढं पक्कं काम व्हायचंय.

---

ओंजळ

विषय थोडा सोडून, पण लिहिणं गरजेचं वाटतं. माझ्या वडिलांना अडुसष्टाव्या वर्षी जबडा दुखायला लागला. चार-पाच घास चावले की गाल भरून यायचे, थांबलं की बरं वाटायचं. केस विंचरताना टाळू दुखायची. आम्ही दातांचं समजून तीन आठवडे घालवले, शेकही घेतला. एका सकाळी उठले आणि म्हणाले, उजव्या डोळ्यापुढे पडदा आलाय. कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज होती, जायंट सेल आर्टेरायटिस. डॉक्टरांनी त्याच तासाला स्टिरॉइड सुरू केलं. डावा डोळा वाचला. उजव्याचं गेलेलं परत आलं नाही.

पन्नाशीच्या पुढे जबडा नव्याने दुखायला लागला, सोबत कानशील किंवा डोक्याची टाळू दुखते, नजरेत काही बदल वाटतो, तर लेझर-व्यायाम काहीही करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

---

मणिबंध

ओंजळ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. त्यातच भर घालतो: चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर थांबतो, तर ते हृदयाचं असू शकतं. गालाला किंवा ओठाला बधिरपणा, वाढत जाणारी गाठ, विजेसारखी क्षणभराची कळ, तोंड दिवसेंदिवस कमी उघडत जाणं, यांतलं काही असेल तरी आधी निदान. आणि गाठीचं निदान झालेलं नसताना त्यावर प्रकाशोपचार करू नये. प्रकाशाने त्रास होणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगावं.

आता निळाई, तुमच्यासाठी. ३४ हे कमी आहे, पण ओढून ३७ होतंय, म्हणजे बहुधा स्नायूंनी धरून ठेवलंय. हे व्यायामाला ऐकणारं लक्षण आहे. जवळच्या फिजिओकडून एकदा हाताने तपासून घ्या, तोवर एवढं सुरू करायला हरकत नाही.

सगळ्यात आधी दात सुटे ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जिभेचं टोक ‘न’ म्हणताना टाळूला जिथे लागतं तिथे. जबड्याची विश्रांतीची जागा ती. आपले दात दिवसाच्या चोवीस तासांत एकमेकांना लागायला हवेत ते जेमतेम वीसेक मिनिटं, तेही घास चावताना-गिळताना. पण एकाग्र काम करताना माणसं तासन् तास दात आवळून बसतात आणि त्यांना पत्ताही नसतो. रात्रीचं आवळणं सगळ्यांना माहीत असतं, दिवसाचं सुटून जातं. तुम्ही कुठल्या कामात दात आवळता ते शोधा.

मग जीभ तिथेच टाळूला ठेवून तोंड उघडायचं. जीभ सुटायला लागली की थांबायचं. असं सहा वेळा, आणि दिवसातून सहा वेळा. आरशात बघा, हनुवटी वाकडी न जाता सरळ खाली यायला हवी. गालाला ओला गरम शेक पंधरा मिनिटं, त्यानंतर मॅसेटरवर दोन बोटांनी वरून खाली सावकाश दाब. ताण देताना वेदना दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायची नाही. ‘दुखलं तरी करायचं’ हे इथे चालत नाही, स्नायू आणखी आवळतो.

आणि लेझर? माझ्याकडे यंत्र आहे, मी वापरतो. पण एकटं कधीच नाही. ज्याला हात लावू देववत नाही इतकं दुखतं, त्याला आधी प्रकाश देतो. त्यानंतर काही वेळ वेदना दबलेली असते, त्या वेळात व्यायाम करून घेतो. सांजवात यांची ती ‘त्या दिवशीची बरी संध्याकाळ’ बारा वेळा आली आणि बारा वेळा वाया गेली, याची मला खरंच हळहळ वाटते.

---

सायंतारा

घरी वापरायचे लाल दिव्यांचे मास्क आणि पट्टे मिळतात, ते चालतील का?

---

दूरदर्शी

चेहऱ्याचे मास्क त्वचेसाठी बनवलेले असतात. त्यांचा प्रकाश मोठ्या भागावर पसरलेला आणि मंद, बऱ्याचदा लाल. मॅसेटर त्वचेच्या आणि चरबीच्या खाली आहे, सांधा त्याहून अवघड जागी, आणि आतला टेरिगॉइड स्नायू तर जबड्याच्या हाडाआड. तिथपर्यंत मास्कचा प्रकाश फारच थोडा पोचणार. प्रोब त्वचेला टेकवून किंचित दाबतात त्याचंही कारण हेच: प्रकाश परावर्तित होऊन वाया जात नाही आणि दाबामुळे तिथलं रक्त बाजूला सरून तो आणखी आत जातो. त्वचेचा रंग गडद असेल तर लाल प्रकाश वरच जास्त शोषला जातो, दाढीच्या केसांतही अडतो. लेझरऐवजी एलईडी असल्याने बिघडत नाही. तरंगलांबी आणि ताकद महत्त्वाची, आणि खोक्यावर ती बहुतेकदा लिहिलेलीच नसते. ती लिहिलेली नसेल तर मी ते यंत्र घेणार नाही.

---

निळाई

दहा आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचं वाचून मी काय केलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

डॉक्टरांना जाऊन सरळ विचारलं: तरंगलांबी किती, ताकद किती, एका बिंदूवर किती वेळ? मला वाटलं होतं, रागावतील. उलट त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे फिरवला. ८१० नॅनोमीटर, २०० मिलिवॅट, प्रत्येक बिंदूवर ३० सेकंद. म्हणजे बिंदूला ६ ज्यूल, हिशोब मी तिथेच केला. चष्मे दोन होते. मी म्हटलं, आधी चार आठवडे नुसते व्यायाम करते, मग ठरवू. ते हो म्हणाले.

फिजिओकडे गेले. त्यांनी तोंडात बोट घालून गालाचा स्नायू आतून-बाहेरून चिमटीत धरला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, आणि अर्ध्या मिनिटाने तोच गाल सुटा झाला. घरी रोज सहा वेळा व्यायाम. दर रविवारी सकाळी पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं: ३४, ३५, ३५, ३८.

चार आठवड्यांनी लेझर सुरू केला, कारण संध्याकाळची ठणक तशीच होती आणि तिच्यामुळे शेवटचे दोन व्यायाम व्हायचे नाहीत. बैठक संध्याकाळचीच घेतली आणि घरी आल्या आल्या ताणाचे व्यायाम केले. सहा बैठका झाल्या. आता ४१. ठणक आहे, पण रोज नाही, आणि दहापैकी सहा असायची ती आता दोन-तीन असते. लेझरशिवायही इथवर आले असते का, मला सांगता येणार नाही. उरलेल्या चार बैठका मी घेतल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, गरज पडली तर या.

पण मला खरा धक्का बसला तो मणिबंध यांनी दिलेल्या शोधाच्या कामात. मी बोलून दमते असं मला वाटायचं. बोलताना तर दात सुटेच असतात! मी दात आवळते ते वह्या तपासताना. बरोबरची खूण करताना हात फिरतो आणि दात मिटतात. चूक दिसली की आणखी घट्ट. रोज दोन तास.

---

सांजवात

वाचून फार बरं वाटलं. मीही गेल्या आठवड्यात फिजिओकडे जायला लागले. वह्यांचं लक्षात आल्यावर तुम्ही ते थांबवलं कसं? मला संगणकावर काम करताना तसंच होतं, पण कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

---

निळाई

सांजवात, थांबवलं असं अजून म्हणता येणार नाही. तपासायला घेतलेल्या प्रत्येक दहाव्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने छोटा ठिपका करून ठेवते. ठिपका आला की जीभ ‘न’च्या जागी आहे का बघायचं, खांदे खाली सोडायचे, एक श्वास घ्यायचा आणि ठिपका खोडून पुढे जायचं. तुम्ही संगणकाच्या पडद्याच्या कडेला असा ठिपका लावून बघा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ठिपक्याला दात मिटलेलेच सापडायचे. काल साठ वह्या होत्या, म्हणजे सहा ठिपके. दोनदा मिटलेले होते.